रिंगची फट

भोसरीतल्या एका वर्कशॉपमध्ये ऑइल-फ्री कॉम्प्रेसर उघडून ठेवला होता. सिलिंडर कोरडा चालणारा, म्हणून पिस्टनच्या रिंगा कार्बन मिसळलेल्या टेफ्लॉनच्या. फिटरने नवी रिंग नुसतीच लायनरमध्ये सरकवली आणि टोकांमधली फट मोजली: सहा मिलिमीटरांच्या वर. २०० मिमी बोअरला बिडाची रिंग असती, तर एक मिलिमीटरही पुष्कळ झाला असता.

"साहेब, बिडाचा गॅप टेफ्लॉनला ठेवला की लायनर गेलाच म्हणून समजा," तो म्हणाला.

हिशोब करून पाहिला. रिंगचा परीघ ६२८ मिमी. कार्बन मिसळलेलं टेफ्लॉन बिडाच्या आठ-दहा पट प्रसरण पावतं. शंभर अंश तापलं की रिंग सहा मिलिमीटरने लांबते, लायनरचा परीघ जेमतेम ०.७ मिमीने वाढतो. फट अपुरी असली की टोकं भिडतात, रिंग लायनरवर रेटली जाते, घासून तापते आणि तापून आणखी फुगते.

त्यात पुण्याची थंडी. शुद्ध टेफ्लॉनची स्फटिकरचना १९ अंशांच्या सुमारास बदलते आणि आकारमान साधारण एक टक्क्याने वाढतं. जानेवारीत सकाळी मोजलेली फट दुपारी तेवढीच भरेल, याची खात्री नाही. रिंग आधी १९ अंशांच्या बरीच वर येऊ द्यावी, मगच मोजावी.

कॅटलॉगात टेफ्लॉनसमोर २६० अंश छापलेले असतात. निवडीसाठी तो आकडा मला सगळ्यांत कमी उपयोगाचा वाटतो. टेफ्लॉन उष्णता फार कमी वाहून नेतं, त्यामुळे घासणारा पृष्ठभाग डिलिव्हरीच्या गेजवर दिसतं त्याहून जास्त तापलेला असतो. शिवाय ३० अंशांची हवा एका दमात ७ बारपर्यंत दाबली तर कागदावर २७० अंशांच्या पुढे जाते; दोन टप्प्यांत, मध्ये इंटरकूलर ठेवून दाबली, तर १३५च्या आसपास राहते. इंटरकूलरच्या नळ्या क्षाराने बुजल्या की पुढच्या टप्प्याच्या रिंगा जातात, आणि बोलणी खातो रिंगवाला.

ओ-रिंगांचं दुखणं वेगळं. डिलिव्हरी व्हॉल्व्हच्या झाकणाखालची नायट्राइलची रिंग शंभरीपार सतत राहिली की कडक होऊन चपटी पडते. तिथे व्हायटॉन लावावं. अमोनियाच्या कॉम्प्रेसरला मात्र तेही चालत नाही.

तेव्हा सील मागवताना नुसता पार्ट नंबर पाठवू नका. वायू कोणता, प्रत्येक टप्प्याचं डिलिव्हरीचं तापमान किती आणि मशीन बंद असताना शेडमध्ये किती थंडी पडते, एवढं सोबत लिहून द्या.