ग्वाल्हेरचं पान आधी उघडा

पश्चिम आफ्रिकेला जाताना कोणत्या पुस्तकावर भरवसा ठेवावा, हे ग्वाल्हेरात बसून ठरवता येतं. कारण या दोन्ही मुलुखांबद्दल एकाच माणसाने लिहून ठेवलं आहे, तेही पावणेसातशे वर्षांपूर्वी. तो म्हणजे प्रवासी इब्न बतूता. १३४२ च्या सुमारास तो इथून गेला. किल्ल्याच्या दरवाजाशी माहुतासह दगडात कोरलेला हत्ती त्याने नोंदवला. १५२८ साली बाबर आला, त्यालाही दारात दगडी हत्ती दिसला. आज हत्ती नाही, पण दरवाजाला हाथी पोल हेच नाव आहे.

हाच माणूस १३५२ मध्ये सहारा ओलांडून मालीकडे निघाला. वाटेत तगाझा हे गाव लागलं. तिथली घरं आणि मशीद मिठाच्या ठोकळ्यांची, वर उंटाच्या कातड्याचं छप्पर, झाड औषधाला नाही. मालीच्या राजधानीत अळूच्या कंदासारख्या एका कंदाची लापशी खाऊन सहाही जण आजारी पडले, त्यातला एक दगावला. खुद्द इब्न बतूता दोन महिने बरा नव्हता. हे वाचलं की मला त्याच्याविषयी विश्वास वाटतो. आपण काय खाल्लं आणि त्याचं काय झालं, हे तो लपवत नाही. अर्थात हे सगळं त्याने मागाहून आठवून दुसऱ्याकडून लिहवून घेतलं, आणि त्याची बुल्गारची सफर खरी नसावी असं बहुतेक अभ्यासक मानतात. चांगला लेखकही दर पानावर सारखा विश्वासार्ह नसतो.

आपल्या गोडसे भटजींचा मजकूरही असाच दुसऱ्याच्या हातून गेला. सत्तावनच्या धामधुमीत ग्वाल्हेर-झाशी पाहिलेल्या या भिक्षुकाचा ‘माझा प्रवास’ चिं. वि. वैद्यांनी १९०७ मध्ये छापला, पण हात फिरवून. मूळ मजकूर वाचकांपुढे यायला १९६६ उजाडलं, तो दत्तो वामन पोतदारांमुळे. म्हणून पुस्तकाच्या नावाइतकीच त्याची आवृत्तीही पाहायची. ग्वाल्हेरवरचं मला सर्वांत आवडतं पुस्तक मात्र मो. बा. गर्दे यांचं, १९३६ चं. इंग्रजीतलं आहे. संस्थानच्या पुरातत्त्व खात्याचा हा प्रमुख रोज ज्या दगडांत वावरला, त्यांच्याबद्दलच लिहीत होता.

माझी परीक्षा इथूनच सुरू होते. ज्या प्रकाशकाचं आफ्रिकेचं पुस्तक घ्यायचं, त्याचंच भारताचं पुस्तक आधी उघडावं आणि ग्वाल्हेरचं पान वाचावं. ग्वाल्हेरच्या पडाव भागातून रिक्षा केली तर ती किल्ल्यावर उरवाई दरवाजाने, जैन मूर्तींच्या बाजूने चढते. पूर्वेच्या हाथी पोलकडून पायीच जावं लागतं. हा फरक ज्याला माहीत नाही, तो इथे आलेलाच नाही. मग त्याच पुस्तकातल्या बामाकोच्या बसथांब्यावर विश्वास कशाला?

दुसरी पाहायची गोष्ट म्हणजे छपाईचं साल. जानेवारी १९९४ मध्ये पश्चिम आफ्रिकेतल्या बऱ्याच देशांत चालणाऱ्या सीएफए फ्रँकची किंमत फ्रेंच फ्रँकच्या मानाने एका रात्रीत निम्मी झाली. घानाने जुलै २००७ मध्ये दहा हजार जुन्या सेडींची एक नवी केली. त्याआधीच्या पुस्तकातले भाव वाचून कुणी खिशात पैसे घेतले तर काय होईल! पाहायच्या जागाही बदलतात: २०१२ मध्ये मालीतल्या टिंबक्टूच्या दर्ग्यांची मोडतोड झाली. रफ गाइडचं पश्चिम आफ्रिकेवरचं जाडजूड पुस्तक १९९० साली आलं, पण माझ्या हाती आहे ती आवृत्ती २००८ ची. इतिहासासाठी आणि संगीतासाठी ते आजही वाचावं. भाडी आणि रस्ते त्यातून घेऊ नयेत. फक्त घानाच पाहायचा असेल तर ब्रॅट प्रकाशनाचं, फिलिप ब्रिग्ज यांचं पुस्तक घ्यावं. एका देशात मुरलेला लेखक मला पंधरा देश कवेत घेणाऱ्यापेक्षा बरा वाटतो.

यातली बहुतेक पुस्तकं गोऱ्या पासपोर्टवाल्यांसाठी लिहिलेली आहेत, हे आपल्या माणसांनी पक्कं धरून चालावं. व्हिसाचं पान आपल्याला लागू नाही. पीतज्वराची लस सरकारने नेमलेल्या केंद्रावरच घ्यावी, निघण्याआधी किमान दहा दिवस. दाखल्याशिवाय परत आलात तर भारतातच सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवतात. जुनी पुस्तकं हा दाखला दहा वर्षांचा सांगतात, तो जुलै २०१६ पासून जन्मभर चालतो. आणि माली मनात असेल तर बामाकोतल्या भारतीय दूतावासाची ताजी सूचना वाचल्याशिवाय तिकीट काढू नये. जुलै २०२५ मध्ये मालीतल्या कायेसच्या सिमेंट कारखान्यातून तीन भारतीयांना पळवून नेल्याचं आपल्या सरकारनेच जाहीर केलं होतं.