दागिने घडविताना घरात उडणारी धूळ

सराफ बाजारातील गटारांची माती उपसून, ती पाण्यात घोळवून सोन्याचे कण वेगळे काढणारे झारेकरी महाराष्ट्राला नवे नाहीत. त्यांचा व्यवसाय उभा आहे तो सोन्याच्या वजनावर. पाण्याच्या १९ पटींहून जड असलेला हा धातू उडत नाही, तळाशी बसतो. सदनिकेच्या एखाद्या खोलीत चांदीचे अथवा खड्यांचे दागिने घडविणाऱ्यांना मात्र खरा उपद्रव होतो तो लवकर खाली न बसणाऱ्या धुळीचा.

कानस वा करवतीने पडणारा कीस जाडसर असतो. मेजाच्या कडेला अर्धवर्तुळाकार खाच घेऊन तिच्याखाली चामड्याची झोळी किंवा उथळ खण बसविला, की तो तेथेच जमा होतो. त्यात पडलेले करवतीच्या पात्याचे तुकडे लोहचुंबकाने काढता येतात. चांदीच्या किसाला किंमत येत असल्याने तो जपण्याची सवय आपोआप लागते. झिलईच्या चाकावरून उडणाऱ्या धुळीला अशी किंमत नाही, म्हणून तिच्याकडे दुर्लक्ष होते. धातू, घासण्याचा मसाला आणि कापडाचे तंतू यांचे हे मिश्रण पडद्यांवर, गाद्यांवर आणि स्वयंपाकघरातील भांड्यांवरही जाऊन बसते. चाकाला तीन बाजूंनी आवरण हवे आणि मागून हवा खेचून ती गाळणीतून सोडणारा पंखा हवा. नुसते खोके लावून काम भागत नाही. छताचा पंखा तर काम चालू असताना बंदच असावा.

खडे घासण्याचे काम याहून गंभीर. अकीक, स्फटिक यांत सिलिका असते. गुजरातमधील खंभात येथे अकीक घासणाऱ्या कारागिरांना जडणारा सिलिकोसिस हा फुफ्फुसांचा विकार सर्वश्रुत आहे. त्यावर पूर्ण बरे करणारा उपचार नाही. छातीत खोलवर पोहोचणारे हे कण डोळ्यांना दिसत नाहीत; त्यामुळे हवा स्वच्छ दिसते, यावर विसंबणे धोक्याचे. खडा नेहमी पाण्याच्या धारेखालीच घासावा. तोंडाला बांधलेला रुमाल येथे निरुपयोगी आहे. चेहऱ्याला घट्ट बसणारा एन-९५ मुखवटा घालावा. मात्र तो पाण्याला पर्याय नव्हे.

साफसफाईतच बहुतेकांची चूक होते. कोरड्या झाडूने बसलेली धूळ पुन्हा हवेत जाते. घरगुती व्हॅक्यूम क्लीनरला हेपा गाळणी नसेल, तर तो बारीक कण मागच्या बाजूने खोलीतच फेकतो. त्यापेक्षा ओले फडके बरे. खडे घासताना साचलेला चिखल वाळण्यापूर्वीच पुसावा, कारण वाळला की त्याची पुन्हा धूळ होते. कामाचा अंगरखा त्याच खोलीत राहावा व वेगळा धुवावा. लहान मुले असलेल्या घरात तर याबाबत हयगय नको. फडके पिळलेले पाणी मोरीत न ओतता बादलीत रात्रभर निवळू द्यावे आणि वरचे पाणी काढून तळचा गाळ झाकणाच्या डब्यात ओलाच साठवावा. चांदीचे काम होत असेल, तर थोडीफार चांदी त्यातही निघेल.