होकार आणि हजेरी यांच्या दरम्यान

भिलाईतील ‘कैंप-१’ या वस्तीचे नावच तात्पुरतेपणाची आठवण देते. फेब्रुवारी १९५५ मध्ये सोव्हिएत संघाशी करार झाला आणि पोलाद कारखान्याच्या उभारणीसाठी देशाच्या कानाकोपऱ्यांतून माणसे भिलाईत आली. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्‌घाटन झाले. बांधकामाच्या त्या काळातील छावणीची पुढे कायमची वस्ती झाली.

आज अशा घरांतील मुलामुलींच्या वाट्याला निराळी प्रतीक्षा येते. निवड झाली, होकार कळविला, पेढेही वाटून झाले. परंतु रुजू होण्याची तारीख मात्र येत नाही. ‘कधी जॉइन होणार?’ हा शेजाऱ्यांचा साधा प्रश्नही मग बोचू लागतो.

ही प्रतीक्षा किती लांबू शकते, याचे उदाहरण ताजे आहे. २०२२ मध्ये इन्फोसिसने निवडलेल्या अनेक नव्या अभियंत्यांना रुजू होण्यासाठी सुमारे दोन वर्षे थांबावे लागले. पुण्याच्या ‘नाइट्स’ या कर्मचारी संघटनेने २०२४ मध्ये केंद्रीय श्रम मंत्रालयाकडे तक्रार केली. दिलेले प्रस्ताव पाळले जातील, असे कंपनीने सांगितले. सरकारी नोकरीतही निवड म्हणजे नेमणूक नव्हे. शंकरसन दाश खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये स्पष्ट केले, की गुणवत्ता यादीत नाव असल्याने नेमणुकीचा अबाधित हक्क प्राप्त होत नाही. मात्र शासनालाही मनमानी करता येत नाही.

म्हणूनच हाती असलेली नोकरी सोडण्याची घाई करू नये. प्रस्तावपत्रातील अटी बारकाईने वाचाव्यात. वैद्यकीय तपासणी, कागदपत्रांची व चारित्र्याची पडताळणी बाकी असेल, तर नेमणूक अद्याप सशर्त आहे असे समजावे. तारखेविषयीची विचारणा नम्रपणे, पण लेखी करावी. आणि रुजू करून घेण्यासाठी कोणी ‘अनामत’ मागू लागला, तर एक रुपयाही देऊ नये. फसवणुकीचा हा नेहमीचा मार्ग आहे.

खरी कसोटी असते ती शैक्षणिक कर्जाची. भारतीय बँक संघाच्या आदर्श योजनेत अभ्यासक्रमाचा काळ आणि त्यापुढे एक वर्ष परतफेडीस सवलत असते. व्याजाची आकारणी मात्र त्या काळातही चालूच राहते. रुजू होण्याची तारीख लांबली, की पहिला हप्ता पहिल्या पगाराच्या आधी दारात उभा राहतो. तो थकला तर पतइतिहासावर डाग पडतो. बँकभरतीच्या अलीकडील जाहिरातींत रुजू होताना समाधानकारक पतइतिहासाची अट घातलेली आढळते. म्हणजे नोकरी नाही म्हणून हप्ता थकतो आणि हप्ता थकला म्हणून नोकरी अडते, असे दुष्टचक्र निर्माण होण्याची भीती असते.

ते टाळण्याचा मार्ग म्हणजे हप्ता थकण्यापूर्वीच शाखेत जाणे. प्रस्तावपत्र आणि तारीख लांबल्याचा पत्रव्यवहार सोबत न्यावा आणि परतफेडीची फेरआखणी शक्य आहे का, हे विचारावे. दरमहा केवळ व्याज भरणे जमले, तरी बोजा वाढत नाही. आपल्या शाखांतील सहकाऱ्यांनीही समोरच्या तरुणाला थकबाकीदाराच्या नजरेने न पाहता त्याचे म्हणणे शांतपणे ऐकावे.

तारीख आपल्या हाती नसते. तोवर घराचा हिशेब आणि स्वतःची पत सांभाळणे मात्र आपल्या हाती असते.