रात्रपाळीची तूर

भाद्रपदात पावसाने उघडीप दिली की धोदाणीच्या वरच्या अंगाला, माथेरानच्या कड्याखालच्या वरकस जमिनी झपाट्याने सुकतात. पनवेल तालुक्यात वर्षाला अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस. पण उतारावरच्या वीतभर मुरमाड मातीत तो थांबतो कुठे? नाचणी नेमकी तेव्हाच निसवत असते. दुपारी तिची पानं वळतात. ओळींमधली तूर मात्र ताठ.

उन्हं चढायच्या आत मी तुरीच्या बुंध्यापासून हातभर अंतरावर माती उकरतो. वरचा दवाने भिजलेला थर बाजूला सारायचा. त्याखाली गारवा लागतो. मोकळ्या जागी तेवढ्याच खोलीवर माती भुरभुरीत. यात सावलीचा वाटा किती आणि मुळांचा किती, हे हाताला कळत नाही. त्यासाठी प्रयोगच लागतात.

तुरीचं सोटमूळ मुरमाच्या भेगांतून खालच्या ओलीपर्यंत उतरतं. दिवसभर पानं पाणी ओढतात. रात्री पर्णरंध्रं मिटली की ती ओढ मंदावते, आणि खालचं पाणी मुळांतून वर येऊन कोरड्या थरात पाझरतं. 1987 साली रिचर्ड्स आणि कॉल्डवेल यांनी अमेरिकेतल्या सेजब्रश या झुडपात हे नोंदवलं. पुढे ते पाणी शेजारच्या गवतातही सापडलं. नाचणीही गवताच्याच कुळातली. तूर-नाचणीची जोडी बाझल विद्यापीठाच्या संशोधकांनी तपासली. 2019 साली त्यांनी दाखवलं की दोघींच्या मुळांना मायकोरायझा बुरशीच्या धाग्यांनी जोडलेलं असेल, तर पाण्याच्या ताणात नाचणीला तुरीकडून ओल मिळते.

पण वर कोरडं आणि खाली ओलं असेल तरच हे घडतं. आषाढात सगळंच चिंब असताना तूर कुणाला पाणी देत नाही. उलट उन्हाचा आणि जागेचा वाटा घेते. म्हणून ती खेटून लावू नये. कर्नाटकात नाचणीच्या आठ ओळींमागे तुरीच्या दोन अशी शिफारस आहे, ती उगाच नव्हे. तुरीमुळे नाचणी दुप्पट पिकेल असं कुणी सांगितलं तर मी मानणार नाही. उघडिपीत नाचणी तग धरते, आणि ती कापल्यावर मागाहून घरची डाळ मिळते. वरकसाला तेवढं पुष्कळ झालं.

ज्यांच्याकडे असा उतार आहे त्यांनी दोन पट्टे शेजारी-शेजारी करून बघावेत, एक नुसत्या नाचणीचा, एक तुरीसोबतचा. फक्त खोल नांगरट टाळावी. नांगराने बुरशीचे धागे तुटतात.