विश्लेषण : कुटुंब अकरा जणांचे, केबिन तीन की चार? मुंबईहून क्रूझला निघण्याआधी काय तपासावे?

आजीची पंचाहत्तरी हॉल घेऊन करण्याऐवजी जहाजावर करावी, हा विचार नाशिकच्या घरांत आता फारसा नवलाचा राहिलेला नाही. कॉलेज रोडवरच्या ट्रॅव्हल एजंटच्या टेबलासमोर मात्र गाडी एकाच प्रश्नावर अडते. आजी-आजोबा, दोन मुलगे, सुना, एक मुलगी-जावई आणि तीन नातवंडे, असे अकरा जण आहेत. केबिन किती घ्यायच्या आणि कुणाला कुठे झोपवायचे? हॉटेलात खोली आवडली नाही तर बदलून मिळते, नाहीतर शेजारचे हॉटेल असते. भरलेल्या जहाजावर दोन्ही शक्य नसते.

मुंबईहून कोणती जहाजे सुटतात?

मुंबई-गोवा जलप्रवास आपल्याकडे नवा नाही. कोकण किनाऱ्यावरच्या जुन्या बोटींत डेकवर वळकटी पसरून झोपणारी पिढी अजून आहे, तेव्हा केबिनचा प्रश्नच नव्हता. ऑक्टोबर २०१८ मध्ये 'आंग्रिया' मुंबई-गोवा मार्गावर सुरू झाली. सप्टेंबर २०२१ पासून कॉर्डेलिया कंपनीचे 'एम्प्रेस' हे जहाज मुंबईहून गोवा, लक्षद्वीप, कोची अशा फेऱ्या करू लागले. हे जहाज १९९० सालचे आहे. 'नॉर्डिक एम्प्रेस' या नावाने ते रॉयल कॅरिबियनच्या ताफ्यात होते. त्यावर ११ डेक आणि सुमारे आठशे केबिन आहेत. त्याचे वय सांगण्याचे कारण म्हणजे त्या काळातल्या जहाजांच्या साध्या केबिन लहान असत. साधारण शंभर-सव्वाशे चौरस फुटांत दोन बेड, कपाट आणि न्हाणीघर सगळे बसवलेले असते. म्हणजे नाशिकमधल्या वन बीएचके फ्लॅटच्या बेडरूमएवढी जागा, आणि त्यातच बाथरूमही.

'चार जणांची केबिन' म्हणजे नेमके काय?

खाली दोन बेड आणि भिंतीतून किंवा छतातून उघडणारे दोन वरचे बर्थ. रात्री शिडी लावायची, सकाळी बर्थ बंद करायचे. रेल्वेच्या डब्यात वाढलेल्या आपल्या लोकांना यात विशेष काही वाटत नाही. फरक एवढाच की रेल्वेत एका रात्रीचा प्रश्न असतो आणि बॅगा सीटखाली जातात. इथे चौघांच्या बॅगा, चौघांचे ओले टॉवेल आणि एकच बाथरूम. वरचा बर्थ लहान मुलांना द्यावासा वाटतो, पण सहा वर्षांखालच्या मुलाला तिथे झोपवू नये. गुडघेदुखी असलेल्यांचा तर प्रश्नच नाही. म्हणजे चार जणांच्या केबिनमध्ये प्रत्यक्षात दोनच मोठी माणसे आणि दोन मोठी मुले नीट मावतात. चार प्रौढ कोंबले, तर दुसऱ्या दिवसापासून घरातल्या जुन्या कुरबुरी वर यायला लागतात.

तीन केबिनमध्ये भागवले तर किती वाचतात?

इथे बहुतेक कुटुंबांचा हिशोब चुकतो. क्रूझचे भाडे केबिनवर नाही, माणशी असते. त्यातही केबिनमधल्या पहिल्या दोघांना पूर्ण दर आणि तिसऱ्या-चौथ्याला कमी दर, अशी पद्धत सर्वत्र आहे. केवळ हिशोबासाठी पूर्ण दर २० हजार आणि तिसऱ्या-चौथ्याचा १२ हजार धरू. तीन केबिनमध्ये ४+४+३ अशी विभागणी केली, तर सहा जण पूर्ण दराने आणि पाच जण कमी दराने जातात. एकूण १ लाख ८० हजार. चार केबिनमध्ये ३+३+३+२ केले, तर आठ पूर्ण आणि तीन कमी दराने. एकूण १ लाख ९६ हजार. फरक १६ हजारांचा, म्हणजे माणशी दीड हजारापेक्षाही कमी. एवढ्यात आणखी एक बाथरूम मिळते, आजी-आजोबांना स्वतंत्र खोली मिळते. प्रत्येक वाढीव केबिनमागे फक्त दोन माणसे कमी दरातून पूर्ण दरात जातात, एवढेच गणित आहे. बंदर शुल्क माणशीच लागते, केबिन कितीही घ्या. एजंटने दिलेल्या प्रत्यक्ष दरांवर हेच गणित कागदावर मांडून पाहावे. एकट्या माणसाला मात्र स्वतंत्र केबिन देऊ नये. बहुतेक ठिकाणी त्याला दुसऱ्या रिकाम्या बेडचेही पैसे मोजावे लागतात.

लवकर बुकिंगचा आग्रह का?

'लवकर घ्या, नाहीतर संपेल' हे वाक्य एजंटच्या तोंडी असतेच, पण मोठ्या कुटुंबाच्या बाबतीत ते खरे आहे. जहाजावरच्या प्रत्येकाची जागा ठरावीक लाइफबोटमध्ये धरलेली असते. सहा महिन्यांचे बाळही त्यात एक माणूस म्हणून मोजले जाते. त्या भागातल्या बोटींची संख्या भरली, की केबिनमध्ये वरचा बर्थ रिकामा असूनही तिसरा-चौथा प्रवासी घेतला जात नाही. त्यामुळे तीन-चार जणांच्या केबिन आधी संपतात, दोघांच्या उरतात. 'आधी दहा जणांचे करू, भाचीचे नंतर बघू' हे इथे अंगाशी येऊ शकते. बाळाचे वयही तपासावे. बहुतेक कंपन्या सहा महिन्यांखालच्या बाळाला आणि प्रवासाच्या शेवटी २४ आठवड्यांपुढे जाणाऱ्या गर्भवतीला जहाजावर घेत नाहीत.

केबिन जहाजात कुठे असावी?

जहाज लाटांवर दोन तऱ्हेने हलते. पुढचे-मागचे टोक सीसॉसारखे वर-खाली होते आणि जहाज डाव्या-उजव्या अंगावरही झुलते. सीसॉच्या मध्यावर बसलेल्याला कमी झोके बसतात, तोच नियम इथेही लागू. लांबीच्या मधोमध आणि खालच्या डेकवरची केबिन सर्वांत स्थिर असते. जहाजाच्या दोन्ही बाजूंना पाण्याखाली असलेले पंख डाव्या-उजव्या झुलण्याला बराच आळा घालतात, सीसॉच्या हालचालीला नाही. म्हणून ज्याला कसारा घाटात मळमळते, त्याला टोकाची केबिन देऊ नये. गंमत अशी की जास्त पैसे मोजून घेतलेल्या वरच्या डेकवरच हलणे जास्त जाणवते.

दुसरा तपास डेकच्या नकाशावर करायचा. निवडलेल्या केबिनच्या वर आणि खालीही केबिनच असाव्यात. वर स्विमिंग पूल असेल तर पहाटे खुर्च्या ओढल्याचा आवाज येतो, खाली थिएटर असेल तर रात्री उशिरापर्यंत ढोल. 'ओशन व्ह्यू' घेतली आणि खिडकीसमोर लाइफबोट टांगलेली निघाली, असेही होते. ही माहिती नकाशावर बारीक खुणेने दिलेली असते.

आजी-आजोबांची केबिन लिफ्टजवळ, पण लिफ्टच्या दाराला लागून नको. बाथरूमला उंबरठा असतो, शॉवरची जागा अरुंद असते. व्हीलचेअर लागत असेल तर रुंद दाराच्या मोजक्या केबिन असतात, त्या बुकिंगच्या वेळीच मागाव्या लागतात. लक्षद्वीपची फेरी असेल तर आणखी एक विचारावे. तिथे जहाज समुद्रात थांबते आणि लहान बोटींतून किनाऱ्यावर नेतात. हलत्या बोटीत उतरणे गुडघ्यांना झेपेल का?

एकमेकांशेजारी मिळेलच याची खात्री?

केबिन क्रमांक स्वतः निवडला तरच. कंपनीने नंतर क्रमांक द्यायचा, अशा स्वस्त तिकिटात चार केबिन चार डेकवर विखुरल्या जाऊ शकतात. 'शेजारची' आणि 'जोडलेली' यातही फरक आहे. जोडलेल्या केबिनमध्ये आतून दार असते, शेजारच्यांत नसते. जोडलेली मिळाली नाही तर समोरासमोरची जोडी पाहावी. पालकांना खिडकीची आणि मोठ्या मुलांना पॅसेजपलीकडची बिनखिडकीची. ती स्वस्तही पडते. मात्र आत दिवस-रात्र कळत नाही.

विखुरण्याचा खरा मुद्दा सुरक्षिततेचा आहे. संकटात जमण्याची जागा, म्हणजे मस्टर स्टेशन, केबिननुसार ठरते. केबिन लांब असल्या तर एकाच घरातली माणसे वेगवेगळ्या जागी पाठवली जाऊ शकतात. १३ जानेवारी २०१२ रोजी इटलीच्या जिलियो बेटाजवळ 'कोस्टा कॉन्कॉर्डिया' कलंडले आणि ३२ जणांचा जीव गेला. त्याच दिवशी चढलेल्या शेकडो प्रवाशांचा सराव तोवर झालेलाच नव्हता. त्यानंतर नियम बदलला आणि १ जानेवारी २०१५ पासून जहाज सुटण्याआधी किंवा सुटताच सराव घेणे बंधनकारक झाले. त्या अर्ध्या तासात बुफेच्या रांगेत उभे राहण्याचा मोह अनेकांना होतो. नातवाचा मस्टर क्रमांक आजोबांच्या कार्डावरच्या क्रमांकाशी जुळतो का, हे त्याआधी, बुकिंगच्या टेबलावरच विचारून घेता येते. लहान मुलांचे लाइफजॅकेट वेगळे असते आणि ते केबिनमध्ये नसेल तर पहिल्याच दिवशी मागून घ्यावे.

नाशिकहून निघताना?

पंचवटी एक्स्प्रेस नाशिक रोडहून सकाळी निघून दुपारच्या आत सीएसएमटीला पोहोचते. तिथून बॅलार्ड पिअर जवळच आहे. जून २०२५ मध्ये समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाल्याने घाट टळतो, पण त्यापुढची भिवंडी-ठाण्याची कोंडी टळत नाही. चेक-इन जहाज सुटण्याच्या बरेच आधी बंद होते आणि एक गाडी अडकली म्हणून जहाज थांबत नाही. अकरा जण दोन गाड्यांनी निघणार असतील, तर प्रत्येकाचे मूळ ओळखपत्र ज्याच्या त्याच्याकडे द्यावे, सगळ्यांचे एकाच पिशवीत नको.