ईश्वरविज्ञानाचा वर्ग: गैरसमज आणि वस्तुस्थिती

सिस्टिमॅटिक थिऑलॉजी, म्हणजे पद्धतशीर ईश्वरविज्ञान, हा सेमिनरीतला, म्हणजे धर्मसेवक घडवणाऱ्या महाविद्यालयातला, कणा असलेला विषय. त्याच्याविषयीचे गैरसमज चर्चबाहेर आहेत, तसे चर्चच्या आतही आहेत.

गैरसमज: ठरलेली उत्तरं पाठ करायची, एवढंच यात असतं.

मध्ययुगीन ईश्वरविज्ञानी थॉमस अक्वायनस यांचा ‘सुम्मा थिऑलॉजिए’ उघडून पाहा. १२६५ च्या सुमारास त्यांनी तो विद्यार्थ्यांसाठी लिहायला घेतला. देव आहे का, या प्रश्नाला ते हात घालतात तो नास्तिकाच्या बाजूने. जगात एवढा दुष्टपणा आहे, मग अनंत चांगुलपणा आहे कुठे? निसर्ग आणि माणसाची बुद्धी यांतूनच सगळं उलगडत असेल, तर देव हवा कशाला? हे दोन्ही आक्षेप पुरत्या ताकदीने मांडल्यावरच ते आपली बाजू सांगतात आणि शेवटी एकेका आक्षेपाला उत्तर देतात. आपल्या शास्त्रग्रंथांतला पूर्वपक्ष ज्यांना ठाऊक आहे, त्यांना ही रीत परकी वाटणार नाही. त्रैक्य, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव, हा सिद्धांत शिकवणारा चांगला शिक्षक आजही हेच करतो. पुत्र हा देवाने निर्माण केलेला आहे, हे आरियसचं म्हणणं विद्यार्थ्याला नीट मांडता येत नसेल, तर ३२५ मध्ये नायसियाच्या परिषदेने ते का नाकारलं, हेही त्याला समजलेलं नसतं.

गैरसमज: बायबल बदलत नाही, मग संशोधन कसलं करणार?

बायबल तेच असतं. पण मंडळी, म्हणजे चर्च, जे शिकवते ते त्याला धरून आहे का, हे प्रत्येक पिढीला नव्याने तपासावं लागतं. हे काम कधी संपत नाही: स्विस ईश्वरविज्ञानी कार्ल बार्थ यांचा ‘चर्च डॉग्मॅटिक्स’ १९३२ पासून प्रसिद्ध होऊ लागला. १९६८ मध्ये ते वारले तेव्हाही तो अपुराच होता.

गैरसमज: हा जगाशी संबंध नसलेल्या पंडितांचा विषय.

हा समज मला सर्वांत घातक वाटतो. बार्थ जर्मनीतल्या बॉन विद्यापीठात प्राध्यापक होते, म्हणजे सरकारी नोकर. हिटलरशी निष्ठेची बिनशर्त शपथ घ्यायला त्यांनी नकार दिला. १९३५ मध्ये नोकरी गेली आणि ते स्वित्झर्लंडमध्ये बाझेलला शिकवू लागले. मंडळीवरच्या नाझी वर्चस्वाला विरोध करणारं, आदल्याच वर्षीचं बार्मेनचं घोषणापत्र मुख्यतः त्यांच्याच हातचं. ख्रिस्ताखेरीज मंडळीला दुसरा प्रभू नाही, हा वर्गात शिकवला जाणारा सिद्धांत तिथे नाझी सत्तेला दिलेला नकार ठरला.

गैरसमज: भारतात फक्त पाश्चात्त्यांची उजळणी होते.

चित्पावन घराण्यातले नीलकंठशास्त्री गोरे १८४८ मध्ये ख्रिस्ती झाले, नेहेम्या गोरे या नावाने ओळखले गेले आणि ‘षड्दर्शनदर्पण’ लिहून सहाही दर्शनांशी त्यांच्याच परिभाषेत वाद घातला. पुढे ईश्वरविज्ञानी अरविंद निर्मळ यांनी या परंपरेलाच सवाल केला: मंडळीत बहुसंख्य दलित असताना भारतीय ईश्वरविज्ञान उच्चवर्णीयांच्या तत्त्वज्ञानातच का बोलतं? १९८१ मध्ये बंगळूरच्या युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेजमध्ये दिलेल्या व्याख्यानात त्यांनी ही मांडणी केली. त्यातून आकाराला आलेलं दलित ईश्वरविज्ञान आज देशातल्या सेमिनरींत शिकवलं जातं आणि परदेशातले अभ्यासकही त्याची दखल घेतात.