शेवटचा नाका

सिल्वासाहून खानवेलच्या वाटेवर राखोली लागते. तिथल्या एका खाद्यपदार्थांच्या कारखान्यात तयार राजम्याचे पाऊच बेल्टवरून स्टीलच्या पेटीत शिरत होते. पेटीच्या दोन्ही तोंडांना शिसे भरलेल्या पट्ट्यांचे पडदे. आत वरून क्ष-किरण सोडतात, ते पाऊचमधून पार होऊन खालच्या डिटेक्टरवर पडतात. जिथे वस्तू घट्ट, तिथे किरण जास्त अडतात आणि संगणकाच्या पडद्यावर गडद ठिपका उमटतो. राजमा, रस्सा राखाडी दिसतो. खडा, काच किंवा लोखंडाचा कण काळा. पुढच्याच क्षणी दांडा पुढे येतो आणि पाऊच बाजूच्या कुलूपबंद पेटीत ढकलतो. किल्ली क्यूसीकडे, म्हणजे गुणवत्ता तपासणाऱ्या विभागाकडे.

इथे साधा मेटल डिटेक्टर अपुरा पडतो. पाऊचमध्ये अ‍ॅल्युमिनियमचा थर असतो, शिवाय आतला माल ओला आणि खारट. दोन्हींमुळे त्याचा गोंधळ होतो. काच आणि खडा तर त्याला मुळातच कळत नाहीत.

मला सर्वांत मोलाची वाटली ती तासातासाची चाचणी. ऑपरेटर ताई ठरावीक व्यासाची स्टीलची गोळी, काचेचा मणी बसवलेली कार्डे पाऊचवर ठेवून बेल्टवर सोडतात. प्रत्येक कार्ड बाहेर फेकले गेलेच पाहिजे, तशी नोंद होते आणि सही पडते. एखादे निसटले, तर लाइन बंद. मागच्या यशस्वी चाचणीनंतरचा सगळा माल अडवून पुन्हा तपासायचा. यंत्रावर विश्वास ठेवायचा, पण दर तासाला तो नव्याने पारखून.

किरणांनी अन्न बिघडेल ही भीती निराधार आहे. क्ष-किरण आरपार जातात, मागे काही उरत नाही, अन्न किरणोत्सारी होत नाही. लासलगावला 2002 पासून कांद्याला कोंब येऊ नयेत म्हणून कोबाल्ट-60 चे गॅमा किरण देतात, ती प्रक्रिया वेगळी. तिथे कांद्यात बदल घडवायचा असतो, इथे फक्त आत पाहायचे असते. युरोपीय नियमांत अशा तपासणीसाठी 0.5 ग्रे (शोषल्या गेलेल्या किरणांचे एकक) ही कमाल मर्यादा आहे आणि प्रत्यक्षातली मात्रा तिच्याहून खूपच कमी असते.

पण या यंत्रालाही मर्यादा आहेत. केस, दोरा, पातळ प्लास्टिक, लाकडाची काडी, किडा यांची घनता अन्नाच्या जवळपास असल्याने ते सहसा दिसत नाहीत. त्यांना आधीच अडवावे लागते: चाळणीवर, राजमा निवडणाऱ्या बायकांच्या हातांनी, डोक्यावरच्या टोपीने. म्हणून क्ष-किरण हा शेवटचा नाका. आधीचे नाके ढिले असतील, तर एकट्या त्याच्या भरवशावर अन्न स्वच्छ होत नाही.

तुमच्या पाकिटात कधी खडा किंवा काच सापडली, तर रागाने ते फेकू नका. पाकीट, सापडलेली वस्तू आणि बॅच नंबर जपून ठेवा, कंपनीला कळवा आणि एफएसएसएआय या केंद्रीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या फूड सेफ्टी कनेक्टवर तक्रार करा. त्या नंबरावरूनच माल कधी आणि कुठल्या लाइनवर भरला गेला याचा माग लागतो.